ऐकलेलं जपानी, भांडलेलं कोरियन

मला दुभाष्याने फसवलं. जपान्यांनी नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण दहाएक वर्षं मी गावभर उलटं सांगत होतो आणि आमच्या वस्तीत माझं सांगणं लोक खरं धरतात.

लेण्याद्रीच्या पायथ्याला मी डोली उचलायला लागलो तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. वर डोंगरात गणपती आणि त्याला लागूनच बुद्धाची लेणी. आमचं घर बौद्ध, पण खांद्यावर घेताना दोन्हीकडचे भाविक सारखेच जड लागायचे. तीनशेच्या वर पायऱ्या. पुढे दोघं, मागे दोघं, मधे खुर्चीत म्हातारं माणूस. मागच्यांना खुर्चीमुळे पायरी दिसत नाही. म्हणून पुढचा सांगत जातो, 'पायरी', 'वळण', 'ओलं हाय', आणि मागचे दर वेळी 'हं' म्हणतात. मागून 'हं' आलं नाही तर पुढच्याने जागच्या जागी थांबायचं, हा आमचा नियम. त्या 'हं'वर माणसाचा जीव असतो.

पुढे मी स्वतःच्या डोल्या केल्या, मग एक जुनी जीप घेतली. शाळा सातवीपर्यंत. जे मिळवलं ते कानावर आणि तोंडावर. पायथ्याला गाडीतून उतरलेला माणूस 'किती घेणार?' असं विचारतो, तेव्हा तो घासाघीस करणार की मुकाट बसणार, हे मला त्या दोन शब्दांच्या सुरावरून कळायचं. गुजराती असो, कानडी असो, भाषा कळायची गरज नव्हती. आवाज चढला की माणूस बिथरला, आवाज मऊ झाला की सौदा जमला. या हिशोबाने माझं कधी चुकलं नव्हतं. त्यामुळे मला माझ्या कानाचा माज होता, हेही लिहून टाकतो.

नव्वद सालानंतर हिवाळ्यात जपानी आणि कोरियन यात्रेकरूंच्या बसा यायला लागल्या. लेणी बघायला, पाठ म्हणायला. बहुतेक म्हातारी माणसं, म्हणजे आमचंच गिऱ्हाईक. दिसायला आम्हाला सगळे सारखे. पण डोळे मिटून बसलो तरी कोण कुठले ते मी सांगायचो, आणि त्यावर चहाच्या पैजा जिंकायचो.

जपानी बोलणं म्हणजे द्राक्षबागेतली ठिबकची नळी. प्रत्येक थेंब सारख्या अंतराने, सारख्या वजनाचा. आपण बोलताना एखादा शब्द दाबतो, एखादा गिळतो; त्यांचं तसं नाही. वाक्य संपताना आवाज खाली बसतो, आणि कधी कधी तर शेवटचं अक्षर ऐकूच येत नाही, नुसती हवा येते. शिवाय एक जण बोलत असला की बाकीचे गप्प राहत नाहीत. माना डोलावत मधे मधे बारीक आवाज काढत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काय एकमताची माणसं आहेत.

कोरियन बोलणं वेगळं. शब्दाची सुरुवातच तटतटलेली, घशात आवळून धरून सोडल्यासारखी. आणि वाक्याचं शेपूट लांब ओढायचं, वर न्यायचं, मग सोडायचं. आमच्याकडे बांधावरून पलीकडच्या रानातल्या माणसाला हाक मारतात तसं. दोन कोरियन बायका पायरीवर बसून केळं सोलत बोलत असल्या, तरी आमचा एक डोलीवाला उठून म्हणायचा, 'चला राव, सोडवायला चला.'

तर मुद्द्याचं. वस्तीत आमचा विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. मूर्ती नव्हती. माझ्या वडिलांनी धर्म घेतला तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की इथे मूर्ती यावी. डोंगरात एवढी लेणी, आणि खाली आमच्याकडे कागद. ते गेले तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो होतो की मी आणतो. बोललो म्हणजे झालं पाहिजे, असा माझा स्वभाव.

एका हिवाळ्यात जपान्यांची मोठी बस आली. त्यांच्यात एक म्हातारा होता, गळ्यात माळ, बाकीचे त्याच्यासमोर वाकायचे. तो माझ्या डोलीत बसला. वर जाईपर्यंत हळू आवाजात काहीतरी म्हणत होता, आणि खाली उतरल्यावर त्याने आम्हा चौघांना, घामाने भिजलेल्यांना, एकेकाला वाकून नमस्कार केला. मी तिथेच ठरवलं की याच्याशी बोलायचं.

बसबरोबर पुण्याचा दुभाष्या होता. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, सतत हातातल्या घड्याळाकडे बघायची सवय. मी त्याला म्हणालो, यांना आमच्या वस्तीत आणा, दहा मिनिटं द्या. त्याने कुरकुर केली, पण म्हातारा माझा हात धरून निघालाच, तेव्हा त्यालाही यावं लागलं.

मी भीक मागितली नाही. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण नंतर लोक तसं बोलले. मी सौदा मांडला. तुमच्या देशातून माणसाच्या उंचीची एक मूर्ती आम्हाला द्या; तिच्या बदल्यात तुमच्याकडून येणारा प्रत्येक म्हातारा माणूस आम्ही डोलीतून वर नेऊ, एक पैसा न घेता, आमचे खांदे आहेत तोवर. आमच्यानंतर आमची पोरं नेतील. वडिलांचंही सांगितलं. इतकं मोजून मापून मी आयुष्यात बोललो नव्हतो.

आणि मी साक्षीदारही ठेवला होता. बाजारात तोंडी सौदा होतो तेव्हा तिसरा माणूस शेजारी उभा करतात. जपानी कळणारा तिसरा माणूस मी कुठून आणू? म्हणून घरचा टेपरेकॉर्डर आणला, जयंतीच्या गाण्यांची एक कॅसेट घातली आणि लाल बटण दाबून कट्ट्यावर ठेवला.

मी बोललो, मग दुभाष्या बोलला. बराच वेळ बोलला. म्हातारा ऐकत होता, मान हलवत होता, प्रत्येक तुकड्याला बारीक आवाजात दुजोरा देत होता. मागच्या जपानी बायकाही. इतकं मऊ, इतकं सरळ. माझ्या कानाने निकाल दिला होता, तरी मी दुभाष्याला विचारलं, काय म्हणतात?

"हो म्हणतायत," तो म्हणाला. "खूश आहेत. चला आता, उशीर होतोय."

सौदा झाला की हातावर हात मारायचा, ही आमच्याकडची रीत. मी हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. सगळ्या वस्तीने पाहिलं. बायकांनी पाणी आणलं होतं. जपान्यांनी ते घेतलं. दुभाष्याने घेतलं नाही, त्याच्याकडे बाटली होती.

पुढच्या महिन्यात आम्ही विहारासमोर चौथरा बांधला. दगड बायकांनी डोक्यावरून आणले. गवंड्याने विचारलं केवढा, तर मी सांगितलं, माणसाएवढी मूर्ती मांडी घालून बसेल असा. वर शहाबादी फरशी बसवली. आणि दोन हिवाळे आम्ही जपान्यांना फुकट वर नेलं. त्यांनी खिशात हात घातला की आम्ही छातीवर हात ठेवून नको म्हणायचो. ते गोंधळून एकमेकांकडे बघायचे, वाकायचे. मला वाटायचं, किती विनयाने शब्द पाळतायत.

मूर्ती आली नाही. तो म्हाताराही पुन्हा आला नाही, आणि तो दुभाष्याही नाही. पुढच्या बसांबरोबर दुसरी माणसं असायची, त्यांना विचारलं तर खांदे उडवायची. आमच्यातलाच एक डोलीवाला, ज्याच्या घरात फुकटच्या खेपांमुळे भांडणं व्हायला लागली होती, तो रोज सकाळी मला विचारायचा, "काय पावणं, जपानचं पार्सल सुटलं का बंदरातून?" पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या अंगावर धावून गेलो. त्यानंतर मी सांगायला लागलो की जपानी माणूस तोंडाचा गोड आणि शब्दाचा खोटा. पायथ्यापासून जुन्नरच्या स्टँडपर्यंत सांगितलं. जपान्यांच्या डोलीचा भाव दुप्पट केला.

तिसऱ्या हिवाळ्यात कोरियन बस आली. दुभाष्या नाही, फक्त हिंदी बोलणारा ड्रायव्हर. त्यांच्यातली एक ठेंगणी म्हातारी, डोक्याला उन्हासाठी पुढे झडप असलेली कापडी टोपी, पाणी मागत मागत माझ्या बायकोमागून वस्तीत आली. चौथरा दिसला तशी थांबली. मग बोलायला लागली. मोठ्याने, घशातून, शेपटं ओढत. तळहाताने फरशीवर थापा मारायची, माझी बाही ओढायची, रिकाम्या जागेकडे बोट करायची, पुन्हा थाप.

माझी जखम तिथेच होती. मला ऐकू आलं ते असं, की कुठल्या मूर्खांनी हे बांधून ठेवलंय? मीही आवाज चढवला. ती त्याहून वर गेली. माणसं जमली. बायको मागून म्हणाली, "अवो, ती रागावली न्हाई. तिचं डोळं तर बघा."

"डोळं कशाला बघू? कान हायेत ना मला," मी म्हणालो.

ड्रायव्हरला बोलावून मी म्हातारीला वस्तीबाहेर काढायला लावलं. जाताना तिने चौथऱ्यासमोर, जिथे काहीच नव्हतं, तीन वेळा गुडघे टेकून डोकं फरशीला लावलं. मला वाटलं, चेष्टा करतेय. मी तोंड फिरवलं.

यानंतर वर्षं गेली. डोल्या मी भावाला दिल्या आणि जीपवर राहिलो. मग बरी गाडी घेतली आणि चाकणकडच्या कारखान्यातल्या परदेशी साहेबांना फिरवायला लागलो. एका रविवारी एका कोरियन इंजिनियरला डिंभ्याचं धरण बघायचं होतं, तिथले मासे खायचे होते. घोडेगाव सोडलं की मोबाईलची रेंज जायची, म्हणून त्याने गावातच गाडी थांबवायला लावली आणि फोन लावला. आणि सुरू झाला. तोच घसा, तीच ओढलेली शेपटं, मधेच डॅशबोर्डावर थाप. मला वाटलं, नोकरी गेली याची. पण बोलण्यात सारखं 'ओम्मा, ओम्मा' येत होतं, आणि आरशात पाहिलं तर साहेबाचे डोळे भरलेले. फोन ठेवून त्याने मोडक्या हिंदीत मला सांगितलं, माँ है, पूछती है खाया कि नहीं.

मी गाडी चालू केली. डिंभ्याला पोचलो. तो मासे घेताना कोळणीशी खाणाखुणांनी हसत हसत भाव करत होता, दोघं एकमेकांच्या वरताण ओरडत होती, आणि मी लांब उभा राहून त्या टोपीवाल्या म्हातारीच्या थापा मोजत होतो. ती काय म्हणत होती? मूर्ती मी पाठवते म्हणत होती? आमच्या गावात पण असाच आहे म्हणत होती? की नुसतं, सुंदर आहे, इथे बसवा? तिची कॅसेट नाही माझ्याकडे. तिला मी हाकललं.

तेव्हा माझी मुलगी पुण्यात कॉलेजला होती. तिने संध्याकाळचा जपानीचा वर्ग लावावा हे माझंच डोकं. तिला वाटलं, नोकरीसाठी. मला त्या कॅसेटचा निकाल हवा होता. तिला शिकवणारी बाई जपानीच होती. एकदा मी फोन केला तेव्हा ती बाई मुलीच्या शेजारी बसली होती, आणि फोन ठेवल्यावर तिने काळजीने विचारलं म्हणे, घरी काही मोठं भांडण झालंय का? मी मुलीला फक्त विचारत होतो, जेवली का. मुलगी हे सांगताना हसून लोळली. मला हसू आलं नाही, कारण मग मला दिसायला लागलं की त्या चौथऱ्याजवळ मी कसा ऐकू गेलो असेन.

दोन वर्षं मी दम धरला. सुट्टीत ती आली तेव्हा दुपारी स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर काढला. फीत सैल झाली होती, पेन्सिलीने फिरवून घट्ट केली. ती कॅसेट मला तोंडपाठ होती. एकही शब्द न कळता दुभाष्याचं सगळं जपानी मी सुरासकट म्हणून दाखवू शकत होतो. मुलीने एकदा ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग बटण बंद केलं.

"पप्पा, तो मूर्तीचं काही बोललाच न्हाई."

मी म्हणालो, नीट ऐक, जुनी टेप आहे.

"नीटच ऐकलं. तो सांगतोय, हे लोक तुमच्या येण्यानं लई खूश झालेत. इथं डास असतात, बाह्या खाली करा. जेवण तयार हाय, अर्ध्या तासात निघू. मग आज्याचं थोडं आलंय, त्यांनी धर्म घेतला येवढंच. आन् शेवटी म्हणतोय, हे तुम्हाला नमस्कार सांगतायत."

"मग म्हातारा हो, हो कशाला म्हणतोय?"

"हो न्हाई ओ ते. तो ऐकतोय. समोरच्याला कळावं, मी ऐकतोय, म्हणून म्हणतात तसं. मधे तसा आवाज न्हाई काढला तर उद्धट वाटतं त्यांच्यात."

पुढचा 'पायरी' म्हणतो, मागचा 'हं' म्हणतो. वीस वर्षं मी तेच करत आलो होतो. मागचा 'हं' म्हणाला म्हणजे त्याने डोली विकत घेतली, असं कोणी समजतं का? आणि मी समजलो. डोलीवाला असून समजलो, कारण त्या घडीला मी सौदा करत होतो आणि सौद्यातला कान लावून बसलो होतो. मी पुन्हा बटण दाबलं. कॅसेट पुढे गेली, म्हाताऱ्याचा आवाज संपला आणि मधूनच जयंतीचं गाणं सुरू झालं. बायकोने येऊन ते बंद केलं.

त्या म्हाताऱ्याला कोणी काही मागितलंच नव्हतं. त्याने शब्द दिला नव्हता, मोडला नव्हता. एका घामेजल्या माणसाने हात पुढे केला आणि त्याने तो कपाळाला लावला, एवढंच. आणि मी दहा वर्षं त्याला खोटारडा म्हणत फिरलो.

दुभाष्याचा पत्ता काढायला मला चार महिने लागले. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. दाराला साखळी. मी ओळख दिली, कॅसेट दाखवली. त्याला काही आठवत नव्हतं. मग बोलता बोलता आठवलं असावं, कारण तो म्हणाला, "अहो, प्रत्येक गावात कोणी ना कोणी काहीतरी मागतंच. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं. आम्हाला ते सांभाळून घ्यावं लागतं." मी विचारलं, मग मला 'हो म्हणतायत' का सांगितलं? तर म्हणे, तुम्हालाही बरं वाटावं म्हणून. आणि साखळीआडूनच दार लावलं. आवाज एकदा चढला नाही त्याचा. जपानी बोलताना होता तसाच, थेंब थेंब.

मी जिन्यातून ओरडलो. शेजारी बाहेर आले. त्यांना मी भांडखोर दिसलो असेन.

आम्ही शेवटी आपल्या वर्गणीतून मूर्ती आणली. प्लॅस्टरची, दीड हात उंच. ती चौथऱ्यावर बसवली तर चारी बाजूंनी जागा उरते, कारण चौथरा दुसऱ्या मापाचा आहे. त्या उरलेल्या जागेत पोरं बसून अभ्यास करतात. नवा माणूस आला की विचारतो, एवढा मोठा कशाला बांधला? आणि पार्सलवाला डोलीवाला, आता म्हातारा झालाय, तो माझ्याकडे बघतो. त्याने फुकट नेलेल्या खेपा माझ्या शब्दावर नेल्या होत्या.

आता हे त्या दुभाष्यालाच. साहेब, पाहुण्यांना अवघडेल, हे तुम्ही ठरवलंत. आम्हाला बरं वाटेल, हेही तुम्हीच ठरवलंत. म्हाताऱ्याने नाही म्हटलं असतं तर मी ते खांद्यावर घेतलं असतं. नकार मी बाजारात रोज घ्यायचो. त्याने हो म्हटलं असतं तर माझ्या वडिलांचं झालं असतं. दोन्हीतलं काय झालं असतं, हे आता जगात कोणालाच कळणार नाही, आणि ते तुमच्यामुळे. तर एकदा या. मी गाडी पाठवतो. त्या चौथऱ्याच्या उरलेल्या जागेत उभे राहा आणि आमच्या बायकांना, ज्यांनी दगड वाहिले, त्यांना सांगा की त्या दिवशी तुम्ही आमचं बोलणं त्या माणसापर्यंत का पोचवलं नाहीत. जपानीत नको. मराठीत सांगा. या वेळी ऐकायला आम्ही सगळे असू, आणि मधे 'हं' कोणी म्हणणार नाही.